दोन बोटं फट

तौनोने घोडे न्यायचा जुना ट्रेलर घेतला,
खिडकी कापली, आतून पाइनच्या फळ्या ठोकल्या
आणि मार्चभर मासे धरायला
इनारीच्या गोठल्या सरोवराकाठी आणून उभा केला.

पहिल्या रात्री डिझेलचा हीटर फुरफुरला,
घोड्यासारखाच.
पहाटे पाहतात तर
प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर एकेक थेंब,
गादी खालून ओलीकिच्च,
बाहेर उणे एकोणतीस
आणि पत्र्याला आतून घाम फुटलेला.
फळ्यांमागून तबेल्याचा वास.

"छत गळतंय," तो म्हणाला.
सिलिकॉनची अख्खी नळी संपवली.
हिल्क्काने काचेवर बोट ओढलं:
"छत नाही रे. आपणच गळतोय.
तुझी कॉफी, माझे मोजे, तुझं घोरणं."

तिने छताची झडप उघडली, दोन बोटं.
त्याने लावली.
तिने उघडली.
डिझेल काय फुकट येतं?
बेचाळीस वर्षांत
इतकं मुक्याने भांडले नव्हते दोघं.

मग गादीखाली पट्ट्या आल्या, फळ्यांमागे मेंढीची लोकर.
बटाटे बाहेर उकडायचे, कोट घालून, शिव्या देत.
आर्द्रतेचा काटा पंचाऐंशीवरून
रखडत रखडत साठावर.

आता मध्यरात्री तौनोला जाग येते.
वरून गार धार नेमकी त्याच्या टकलावर.
अंधारात तो हात वर नेतो,
झडप चाचपतो,
उघडी आहे ना, बघतो,
आणि पांघरूण ओढून
तिच्याकडे सरकतो.