अ आणि द

मडगावला, औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत
चार आठवड्यांचा वर्ग.
फी सासऱ्यांच्या काजूच्या पैशांतून, उसनी.
अर्जात अनुभवाच्या रकान्यात लिहिलं: बावीस वर्षं,
संस्थेची मराठी प्राथमिक शाळा, बाळ्ळीच्या पुढं, डोंगरात.
माध्यम बदलणार का, असा रकाना नव्हता.

पहिल्या दिवशी इर्मा मिनेझिस म्हणाल्या,
खालचा ओठ दाताखाली धरा. व्हेस्ट.
आता सोडा. वेस्ट.
सत्तेचाळीस वर्षं माझा एकच व होता,
विहीर, वारा, वडील, सगळं त्यात भागलं.
आता माझं आडनाव सांगायचं
तरी ओठ चावायचा.

मग त्यांनी मागच्या बाकावर घड्याळ लावलं.
वीस मिनिटांतली चौदा मिनिटं, सुकांती, तू बोललीस.
भाषांतर नको. वस्तू दाखव. विचार. थांब.

थांब!
माझ्या आवाजावर एका खोलीत चार इयत्ता चालायच्या,
इकडे पाढे, तिकडे अ अननसाचा,
द दप्तराचा.
शेवटच्या वर्षी पट तीन, त्यात दोघं भावंडं.
बाप म्हणाला, बाई, राग नाही ना,
इंग्रजी शाळेचा बालरथ दारात येतो.
राग कसला.
घंटा, वजनकाटा, फळ्याचे दोन बोळे मोजून
किल्ली देवस्थानच्या कपाटात ठेवली.

संध्याकाळी सरावाला खरे विद्यार्थी, फुकट शिकणारे:
कुटबण जेटीवरचा बेहेरा, ओडिशाचा,
आणि गदगची दुर्गव्वा, बाजारात खोलची मिरची विकणारी.
तिनंच विचारलं, बाई,
हे अ कधी लावायचं आणि हे द कधी?
मराठीत सांगायची सोय नाही. कानडी मला येत नाही.
मागं घड्याळ.
तिच्याच पिशवीतून एक मिरची काढून टेबलावर ठेवली.
अ चिली, म्हटलं,
आणि तोंड मिटलं.

किती वेळ गेला कोण जाणे.
बेहेरानं मिरची उचलली, वास घेतला,
आणि देठ सोडून सगळी खाल्ली.
दुर्गव्वा ताडकन उठली:
ही ईट द चिली! द चिली!
पैसे कोण देणार, हे मात्र तिनं कोंकणीत विचारलं.
क्रियापद चुकलं होतं. मिनेझिस बाईंनी वहीत
तरी काहीतरी लांबलचक लिहिलं.
कोणतीही एक होती तोवर अ.
गेली, आणि द झाली.

परतीच्या कदंबात शेजारच्याच्या पेपरात बातमी,
चार ओळींची: तालुक्यात आणखी एक मराठी शाळा बंद.
एक.
आपल्याकडे द नाही.
आपण नुसतं शाळा म्हणतो,
ज्याला ठाऊक त्याला ठाऊक.
डोळा चोळला. बोटांना मिरची होती.
कंडक्टर म्हणाला, बाई, रडता कित्याक?
म्हटलं, चिली.

सर्टिफिकेट तीन आठवड्यांनी आलं. श्रेणी ब.
आडनावात चुकून दुसराच व,
ओठ न चावायचा.
दुरुस्तीचे शंभर रुपये पडतील, खालचा औषधवाला म्हणाला,
तोच टपाल घेतो.
राहू दे म्हटलं.