वस्तीपत्रक

दफ्तरखान्यात पंखा बंद ठेवतात.
कागद उडत नाहीत, तुटतात.

लाल बासनात मौजे कोठियार:
बडोद्याहून दीड दिवसाची बैलगाडी,
मही जिथे खारट होते तिथलं गाव,
नकाशात एक ठिपका,
तोही टाकाचा थेंब पडून झालेला असावा.

मोजणारा मोरो त्र्यंबक तुंगारे,
कारकून, राहणार रावपुरा.
मोडी अक्षर घाईचं, पण आकडे स्वच्छ:
घरं दोनशे एकोणसाठ.
विहिरी चार, गोडी एक.
गलबतं नऊ, पैकी तरंगती सहा.
वोहरे, पाटणवाडिये, मीठ राखणारे दोन शिपाई,
एक न्हावी, तोच हकीम.

खारव्यांपाशी येऊन मात्र टाक अडलाय.
निम्मे बाप्ये दर्यावर.
बायका म्हणाल्या असतील, लिहा की, येतीलच.
समासात बारीक अक्षरात त्याने लिहिलं: ‘येतील’,
आणि एकतीस माणसं
बेरजेत धरली.

एकूण तेराशे तेरा.
मी तीनदा मिळवून पाहिलं, तेराशे बाराच भरतात.
मग कळलं, नियम असा
की मोजणीच्या रात्री जो जिथे निजला, तो तिथला.
तुंगारे नाक्याच्या ओट्यावर निजला होता.
रावपुऱ्यात त्या रात्री
कुणीतरी दाराची कडी आतून लावून
एक माणूस कमी सांगितला असेल.

दहा वर्षांनंतरचं बाड. हात दुसरा.
‘येतील’वर तांबडी रेघ.

पुढे कोठियारला नगरपालिकाही झाली म्हणे.
पाच कंदील, त्यांचा एक दिवाबत्तीवाला,
फिदाअली दोरीवाला अध्यक्ष,
आणि ठरावांची वही, जिच्यात सतरा वेळा
एकच ठराव: खाडीतला गाळ काढावा.
गाळ कुठला ऐकतो.
गलबतं पलीकडच्या काठाला लागू लागली,
दोरी विकणारे शहरात जाऊन कापड विकू लागले,
माणसं नियमाला कमी पडली
आणि पाटी उतरवून
शाळेच्या फुटक्या खिडकीला ठोकली.
तिच्यावरचं ‘नगर’ अजून वाचता येतं,
ओली असली की जास्त स्पष्ट.

यंदा मोजायला मी गेले.
पादऱ्याहून बस, मग रिक्षा, मग चिखल.
हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र,
मराठी बाईचं गुजराती ऐकून पोरं हसली.
जीवीबेनला विचारलं, घरात किती?
म्हणाली, पाच.
मला दिसत होती ती, आणि एक बकरी.
बाकीचे?
एक वेरावळला बोटीवर, दोघं कुवेतला,
धाकटा कुठे ते तिनं सांगितलं नाही.
‘लखो ने, बेन. आवशे.’

टॅबला समास नसतो.

चौकोनावर बोट ठेवून बसले, तेवढ्यात
भरतीचा घोडा आला, महीतून उलटा,
फेसाची आयाळ, एका दमात.
रिक्षावाला ओरडला, बाई, वाट गेली,
आता उजाडल्याशिवाय नाही.

जीवीबेननं न विचारता
दुसरी गोधडी झटकली.
मी आकडा भरला: सहा.