ओलं फडकं

छत्रपती चौकाच्या अलीकडे गाडी थांबली.
म्हणजे पडद्यावर एक पिवळा दिवा आला
आणि एका बाईने फार गोड आवाजात सांगितलं,
कृपया अधिकृत केंद्राशी संपर्क साधा.
मे महिना. दुपारचा दीड. पारा शेहेचाळीस.
मेट्रोच्या खांबाची सावली होती एका माणसापुरती,
तिच्यात हेडाऊकाकांना उभं केलं.

त्यांना डोळ्याच्या डॉक्टरकडे नेत होते.
घाट रोडवरचं गॅरेज बंद होऊन अकरा वर्षं झालीत,
नखांच्या कडेची काळी रेघ मात्र तशीच.
"उघड नं बाई, पाहू तर दे."
उघडलं. आत काळ्या प्लास्टिकचं एक झाकण,
त्यावर कंपनीचं नाव.
काकांचा हात पुढे गेला आणि मध्येच थांबला,
भलत्याच मांडवात शिरलेला माणूस
आहेराचं पाकीट काढता काढता थांबतो, तसा.
"काहून गं, मशीन कुठी आहे याची?"

बाबांच्या फियाटमध्ये इंजिनच्या बाजूने जमीन दिसायची.
पाना हातून सुटला की थेट रस्त्यावर, ठण्णकन,
तो उचलून देणं हे माझं काम.
बाबा विम्याचे, काटोल, सावनेर, उमरेड, भिवापूर,
आणि दर रविवारी काकांच्या ओट्यावर.
पॉइंटचा गॅप काका लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याने मोजत.
पौनीकरांच्या पोरीची पत्रिका सगळ्यात चांगली, म्हणत,
जाड, पण लय नाही.
पोरगी तिकडे भंडाऱ्याला नांदत होती,
इकडे तिचं चि. सौ. कां.
सात वर्षं तेलात काळं होत गेलं.

खोटं कशाला सांगू, तीही बंद पडायची.
हिच्याहून जास्त. याच रस्त्यावर.
उन्हाने नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची,
बाबा रसवंतीवरून पाणी मागून आणत,
फडकं भिजवून पंपावर ठेवत.
आमच्या मांड्या रेक्झिनला चिकटलेल्या,
आई कांदा फोडून हुंगवत बसलेली.
वीस मिनिटं. मग एक घरघर, एक शिवी, आणि चालू.
आईला ती गाडी कधीच आवडली नाही.
माझी लेक हिच्यात गारव्याला झोपते,
ते मी विसरत नाही.

काकांनी माझी बाटली मागितली.
खांद्यावरचं फडकं काढलं, गॅरेजच्या दिवसांतलं,
भिजवलं, पिळलं, त्या काळ्या झाकणावर पसरलं.
"मले माहीत आहे," म्हणाले, "काही होत नाही त्यानं."
तरी थांबलो. वीस मिनिटं.
सावली सरकली तसे आम्ही सरकलो.
फडकं सुकलं. गाडी सुरू झाली नाही.

मग प्रज्योत नावाचा मुलगा आला, लॅपटॉप घेऊन.
रस्त्यावर उकिडवा बसून त्याने वायर जोडली.
"मॅडम, इंजिन ठीक आहे.
पण गाडीला वाटतंय, की नाही."
काका त्या दुपारी पहिल्यांदा हसले.
"मंग मह्या डॉक्टरचा नाही उपयोग,
हिले दुसऱ्या डॉक्टरले दाखवा."
गाडी ट्रकवर चढून गेली, नवरीसारखी बांधलेली.
आम्ही ऑटोने.

चार दिवसांनी बिल आलं, तीन पानं,
एक सेन्सर, नखाएवढा, आणि पुष्कळ आकडे.
सगळ्यात खाली पेनाने लिहिलेलं:
फडकं, नग एक, गिऱ्हाइकाचं.
धुऊन, इस्त्री करून, पिशवीत घालून दिलेलं.

काकांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती.
फडकं हातात दिलं, त्यांनी चाचपलं,
नाकाशी नेलं,
पुन्हा एकदा नेलं.
मग घडी मोडू न देता माझ्या हातात परत ठेवलं.
"हे माहं नोहे, पोरी.
दुसऱ्या कोणाचं घेऊन आली तू."