खिसा तपासून

भट्टीत टाकण्याआधी खिसा तपासायचा,
ही आमच्या धंद्यातली पहिली शिस्त.
लोटन आप्पांच्या शर्टाला खिसे दोन.
छातीवरचा लोकांना दिसण्यासाठी,
आतला चिठ्ठ्यांसाठी.

पहिल्या निवडणुकीला त्यांच्याकडे एकच जोडी होती.
रात्री नऊला स्वतः घेऊन यायचे,
बनियनवर बाकड्यावर बसायचे.
मी कोळशाची इस्त्री फुंकायचो,
ते मतदारयादी मोठ्याने वाचायचे,
आणि एखाद्या नावाशी अडायचे.
"हाऊ ते गया ना रे सुपडू?"
"गया आप्पा. पोयाले."
मग पेन्सिलीने बाजूला बारीक टिंब द्यायचे.
नाव खोडायचे नाहीत.

एकशे चाळीस मतांनी आले.
त्या जोडीतला गुलाल काही निघाला नाही.
सोडा घातला, लिंबू चोळलं, रॉकेलही लावून पाहिलं,
काखेत गुलाबी राहिली ती राहिलीच.

पुढे जोड्या वाढल्या. बारा. अठरा.
नागपूरच्या अधिवेशनाआधी
ड्रायव्हर गठ्ठा टाकायचा आणि गाडीतूनच हॉर्न मारायचा.
कॉलर चौदाची सतरा झाली.
आतल्या खिशात काय काय निघायचं:
बोरीकाठच्या कुठल्या वस्तीचा हातपंपाचा अर्ज, चौथ्यांदा लिहिलेला,
कुणा मास्तरची अक्कलकुव्याहून घरी बदली,
कानबाईच्या रोटाचा चुरा,
लग्नाच्या आहेराची पाकिटं, नाव घातलेली, पैसे न घातलेली,
आणि एकदा घडी घातलेला कागद.
वर 'तारांकित प्रश्न', खाली दोन रेघा मारलेल्या,
बाकी कोरा.
तो मी वाळवून हिशेबाला वापरला.

दुसऱ्या खेपेला चिन्ह बदललं, तिसऱ्या खेपेला पक्ष.
लोक पारावर तावातावाने बोलायचे.
माझ्यापुरतं एवढंच, की नव्या उपरण्याचा रंग कच्चा होता,
पांढऱ्याला लागायचा.
वेगळ्या बादलीत भिजवायला लागलो.

त्याच साली मीही एक चिठ्ठी दिली.
धाकटीच्या अंगणवाडीच्या ऑर्डरीची.
आप्पांनी वाचली, छातीवरच्या खिशात ठेवली,
वरून हात थोपटला. "झालंच समज."
चार दिवसांनी गठ्ठ्यात तो शर्ट आला.
चिठ्ठी आतल्या खिशात सरकली होती,
अक्षर माझंच, घडीही माझीच.
मी शर्ट धुतला, कडक इस्त्री केली,
चिठ्ठी परत आत घातली.
पुढच्या आठवड्यात परत आली.
पुन्हा घातली. पुन्हा आली.
चौथ्यांदा
मी खिसा तपासला नाही.
लगदा झाला, शिवणीत अडकून बसला,
तो मी काडीने टोकरून काढला.
धाकटी आता शिरपूरला सूतगिरणीत जाते.

पाचव्या मोजणीला गुलाल दुसऱ्या गल्लीत उडाला.
त्या रात्री आप्पा पायी आले,
हातात पिशवी, पिशवीत एक शर्ट.
वीज गेलेली. माळ्यावरून कोळशाची इस्त्री काढली,
तिच्यात पालीची अंडी होती.
ते बनियनवर बाकड्यावर बसले.
मला आकडा ठाऊक होता, तरी विचारलं.
"दोनशे सहा," म्हणाले.
मग बोटांवर गल्ल्या मोजू लागले,
शिंपी गल्ली, मोमीनवाडा, भोई गल्ली,
आमच्या आळीवर येऊन थांबले.
"तुना घरमा कितला मतं?"
"पाच."
कोळसा तडतडला.
आप्पांनी पुढचं विचारलं नाही,
मी सांगितलं नाही.

सवयीने आतल्या खिशात हात घातला.
"काही नही शे त्यामा," ते म्हणाले.

गरम शर्ट अंगात घातला, बटणं लावली,
आणि वीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं,
"कितला व्हयनात?"
"सात रुपये."
दहाची नोट दिली.
मी गल्ला चाचपत राहिलो, अंधारात सुटे सापडेनात.
मला वाटलं, आता म्हणतील, राहू दे.
ते उभे होते,
हात पुढे करून,
तीन रुपयांसाठी.