झडती

एकतीस वर्षं मी नोटांवर नंबर टाकले.
नाशिक रोडला प्रेसचा भोंगा व्हायच्या आत सायकल लावायची,
आत जाताना खिसे रिकामे,
बाहेर येताना ते रिकामेच आहेत ना, हे चाचपणारा हात.
काखेत, कमरेला, डब्याच्या झाकणाखाली.
एकदा तर चपातीची घडीसुद्धा उलगडून बघितली.
राग यायचा नाही.
शाईचा वास तेवढा घरी आणता यायचा,
त्याची झडती कोण घेणार.

आता म्हणे पैसा छापत नाहीत, उमटतो.
आमच्याच प्रभागात पहिल्यांदा करून बघताहेत.
एक तारखेला प्रत्येक सज्ञान माणसाला
अठराशे ई-रुपये.
दाखला नाही, रांग नाही,
तुम्ही काय करता, कोणी विचारत नाही.
येतात कुठून, तर जो कोणी जिथे खर्च करील
त्यातलं चिमूटभर बाजूला पडतं,
गिरणीत प्रत्येकाच्या दळणातलं थोडं पीठ
जात्यातच राहतं, तसं.
हे मला समोरच्या सुवार्ता साळवेनं समजावलं,
नर्सिंगच्या ड्युटीवरून आल्या आल्या, बूटही न काढता.
मी म्हटलं, कॉलेज रोडच्या बंगलेवाल्यालाही?
त्यालाही, गायधनी काका. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना.
मला पटलं नाही.
अजूनही पुरतं पटलेलं नाही.

एक तारखेला सकाळी फोन वाजला.
चष्मा लावून शोधत बसलो,
नंबर कुठाय, मालिकेची अक्षरं कुठायत.
अंगठ्यानं पडदा घासला, उठाव लागेना.
मग कोणी बघत नाहीसं बघून
फोन खिडकीच्या उजेडासमोर धरला.
काच. काचेत माझाच डोळा.

तेवढ्यात स्वयंपाकघरात दुसरा वाजला.
हौसाचा.
तीन बाळंतपणं, माझ्या आईचं नऊ वर्षं अंथरूण,
आणि पगारपत्रकात कुठेच नाव नाही.
पगार झाला की मी तिच्या हातावर ठेवायचो
आणि पंधरवड्यानं विचारायचो,
एवढे कशाला लागले?

ओले हात पदराला पुसत आली.
"हे छापले कोणी?"
कोणी नाही.
"मोजले?"
यंत्रानं.
"मग हिशेब कोणाला द्यायचा?"
मी काहीच बोललो नाही.
ती तशीच उभी. आत तवा धुराला आला.

दुपारी नेटवर्क गेलं, पार बिटको चौकापर्यंत.
भाजीवाला म्हणाला, रोख असेल तर बोला.
नव्वद दिवसांत नाही खर्चले तर विरून जातात,
असंही सुवार्ता म्हणाली होती,
तेव्हा मला पट्ट्या कापलेल्या बाद नोटांची
पोती आठवली, किती हलकी लागायची उचलायला.
आणि प्रत्येक रुपयाला म्हणे लक्षात राहतं
तो कोणाकडून कोणाकडे गेला.
कागदाला राहायचं नाही.
कागद नुसता मळायचा.
म्हणजे गेट गेलं,
की सगळीकडेच झालं?

संध्याकाळी हौसा घरात नव्हती.
दिवे लागून गेल्यावर आली.
हातात पिशवी नाही, चेहऱ्यावर काही नाही,
फक्त चपला धुळीनं भरलेल्या.
कुठे, किती, कशाला,
सगळं जिभेच्या टोकाशी येऊन उभं राहिलं,
सुट्टी झाल्यावर आम्ही उभे राहायचो तसं.

मी विचारलं, चहा टाकू?
"टाका की," ती म्हणाली, टेकत.
"साखर कुठल्या डब्यात असते, ठाऊक आहे का?"

मी फळीवरचं एकेक झाकण उघडत गेलो.