काटा

आमच्या गिरणीत दळणापेक्षा
वजनालाच माणसं जास्त येतात.
लोखंडी काटा, बाबांनी लांज्याहून
एसटीच्या टपावर टाकून आणलेला.
उतरवताना कंडक्टरच्या हातून सुटला
तेव्हापासून पन्नास ग्रॅम जास्त दाखवतो.
गावात सगळ्यांना ठाऊक.
मी तोंड उघडायच्या आत समोरचा म्हणतो,
"पन्नास वजा कर गो."
वर्षातून एकदा वजनमापवाले साहेब येतात,
चहा पितात, शिक्का मारतात.
त्यांना तेवढं कोणी सांगत नाही.

सोमवारी डोर्लेकरांची सून बाळाला घेऊन आली.
उपकेंद्रातली नर्स रजेवर.
आधी रिकामी टोपली ठेवली,
मग जुन्या लुगड्याची घडी, घडीवर बाळ.
दांडी स्थिरावते न स्थिरावते
तोच बाळाने टोपलीत मुतलं.
आता ते धरायचं की वजा करायचं
यावर दळायला आलेल्या चौघी
वीस मिनिटं भांडल्या.
पट्टा नुसताच फिरत राहिला.
शेवटी ठरलं, धरायचं.
त्याच्याच अंगातलं होतं ना!

पाध्ये गुरुजींनी गॅसचा सिलिंडर आणला,
हातगाडीवरून, घाटी चढून, घामाघूम.
वजन बरोब्बर भरलं.
गुरुजी जरा हिरमुसले.
तक्रारीचा अर्ज घरूनच लिहून आणला होता,
खाली सही करून.

आणि बाबल्या तांडेल धावत आला,
घशात पाल्याचा काटा.
भाताचा गोळा दे म्हणाला, खुणेनेच.
गिरणीत शिजलेला भात कुठला?
मी नाचणीच्या पिठाची मूठ पुढे केली.
ठसका लागून डोळे पांढरे,
पण काटा आला बाहेर.
"ठेव बघू काट्यावर," म्हणाला.
ठेवला. पन्नास ग्रॅम.
आता काटा रिकामाही पन्नासच दाखवतो,
पण बाबल्या ऐकतोय कुठे.
अजून बंदरावर सांगत असतो.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज सुटल्यावर
इम्तियाज सोलकर बॅग घेऊन आला.
कतारला निघालेला. तीस किलोच चालतं म्हणे.
भरली चौतीस सहाशे.
गिरणीच्या उंबऱ्यातच बॅग उघडली.
तो सुका जवळा काढी,
खैरूनमावशी परत घाली.
तो आमसुलं काढी,
ती आमसुलं घालून वर त्रिफळांची पुडी घाली.
तांदळाचं पीठ माझ्याच जात्यातलं,
मी काय बोलणार!
शेवटी त्याने बूट काढून पायात घातले,
जीन्स मावशीच्या हातात दिली,
तीन शर्ट एकावर एक चढवले, मे महिन्यात.
तीस किलो पन्नास.
"पन्नास वजा!" सगळी गिरण एकदम ओरडली.
तो हसला, पण कपाळाला आठी.
तिकडचा काटा कुणी आपटलाय की नाही
कुणाला माहीत.

मंगळवारी दुपारी मावशी एकटीच आली.
पिशवी नाही, दळण नाही.
चपला बाजूला काढल्या
आणि काट्यावर उभी राहिली,
पदर हाताने गोळा करून,
जणू त्याचंही वजन लागेल.
"बघ गो किती. रमजानच्या आधी अठ्ठावन होतं."
मी वजन सरकवलं.
दांडी छपन्नच्याही अलीकडेच तरंगायला लागली.
चष्मा तिने आणला नव्हता.
"अठ्ठावन," मी म्हटलं, "पन्नास वजा."
"मग बरं. काल फोनवर विचारत होता."

खाली उतरली. चपला हातातच घेऊन
मोरीपर्यंत तशीच गेली.
डांबरावर पिठाची पावलं,
पुढे पुढे फिकी.

तेवढ्यात शांताराम गुरव परत आला,
गेल्या खेपेचं पीठ जाड आलंय म्हणून.
बोटांत चोळून बघितलं.
जाडच होतं.
जातं आवळलं, पट्टा चढवला.
म्हटलं, घाल परत.