हातचे तीन

डुलूथ. पाच मार्च, दुपारचे दोन.
तलाव अजून पांढरा आणि घट्ट,
बंदरातला पूल जानेवारीपासून एकदाही उचलला नाही.
पाच वाजता एक दार बंद होणार आहे,
त्याला कडी नाही, उंबरठा नाही,
नुसतं एक निळं बटण,
तेही माझ्याकडे नाही, दुसऱ्या मजल्यावर जोलीनच्या टेबलावर.

आधी समास मोजते. चारी बाजूंनी अर्धा इंच.
अक्षर अकराच्या खाली चालत नाही;
बारीक अक्षरात जास्त खोटं मावतं, हे त्यांनाही ठाऊक असणार.
सारांश तीस ओळींचा हवा.
माझ्या एकतिसाव्या ओळीवर एकच शब्द लोंबकळतोय: 'कदाचित'.
सकाळपासून त्याला वर ओढून घ्यायला बघतेय.
शेवटी काढूनच टाकला.
आता माझे मासे नक्की बरे होतात.

मासे म्हणजे झेब्रामासे. पेराएवढे,
मूळचे आपल्याच बाजूचे, भाताच्या खाचरांतले.
इथे तळघरात दोनशे चाळीस टाक्या,
पाणी अठ्ठावीस अंशांवर,
बाहेरच्या उणे अठराची त्यांना गंधवार्ता नाही.
हादऱ्याने त्यांच्या अंगावरचे ऐकणारे केस झडले
तर दोन-तीन दिवसांत पुन्हा उगवतात.
आपले उगवत नाहीत.
एवढंच सांगायला बारा पानं दिली आहेत, ती पुरत नाहीत.

गेल्या खेपेला तिसऱ्या परीक्षकाने लिहिलं होतं,
'विषय महत्त्वाचा, मात्र उत्साह ओसरला.'
कोणाचा, ते लिहिलं नव्हतं.
त्याला उत्तर द्यायला एक पान.
त्या पानावर मी त्याचे चार वेळा आभार मानले आहेत.

नाव: मैथिली गजानन हळबे.
मधल्या रकान्यात एकच अक्षर घेतात.
बाबांचा नुसता जी झाला.

मग खर्चाचं पत्रक.
माशांचं खाणं, गाळण्या, दिवे. प्रत्येकाचं समर्थन द्या.
वेन लुंडग्रेन, तंत्रसाहाय्यक, बारा महिने.
एकतीस वर्षं त्याने लोखंडाच्या खाणीवर
खडक भरडणारी गिरणी चालवली.
दोन्ही कानांत यंत्रं,
शिटी वाजायला लागली की काढून शर्टाच्या खिशात टाकतो.
कुठल्या टाकीत काय बिनसलंय
ते पंप बंद पडायच्या आदल्या दिवशी
काचेवर तळवा ठेवून सांगतो.
याला समर्थनाच्या रकान्यात शब्द सापडेना.
'अत्यावश्यक' लिहिलं.
जोलीन म्हणाली, सगळेच तसं लिहितात गं.

बेरीज मर्यादेच्या वर. अकरा हजारांनी.
दिवे काढून बघितले, प्रवास काढला,
माझा उन्हाळ्याचा पगार काढला. तरी वरच.
बारातून तीन गेले, नऊ.
शाळेत बाई विचारायच्या, हातचा कुठे ठेवलास?
मी बोट दुमडून दाखवायचे.
आज तीन बोटं दुमडून बसलेय
आणि उरलेल्या सातांनी टाइप करतेय.

साडेचार. जोलीनने बटण दाबलं.
परत आला: एक त्रुटी, दोन इशारे.
त्रुटी अशी, की वेनच्या शिफारसपत्राच्या फाइलीत
त्याच्या आडनावावर मालकीचा तो वरचा स्वल्पविराम आहे.
तसं चिन्ह चालत नाही.
काढलं. आता ते पत्र कुणाचंच नाही.
इशाऱ्यांचं मी विचारलं.
जोलीन कोट चढवत होती.
म्हणाली, त्रुटी असली तर अर्ज मरतो,
इशाऱ्याकडे दुर्लक्ष केलेलं चालतं.

चार बावन्न. हिरवी खूण.

तळघराच्या पायऱ्यांवर वेन, हातात खाण्याचा डबा.
माशांची जेवायची वेळही पाचचीच.
'गेला?'
'गेला.'
'काय?'
'गेला!' इतक्या जोरात, की टाक्यांवर तरंग उठावा.
तो हसतो, अंगठा दाखवतो.
मीही हात वर करते,
आणि मग बघते,
बोटं सरळ करायची राहिलीच आहेत.